चालू ब्राउझरला जोडून घेणारी तीन साधने : म्हापशातील एका दुकानाच्या कामावरून

म्हापशाच्या बाजारातील एका घाऊक किराणा दुकानाचे संगणकाचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. दुकानाला माल पुरवणाऱ्या एका कंपनीची खरेदीची बिले तिच्या वितरकांसाठीच्या पोर्टलवरून उतरवून घ्यावी लागतात. एकेक बिल उघडायचे, त्याची पीडीएफ घ्यायची, तिला बिलाचा क्रमांक आणि तारीख यांवरून नाव द्यायचे आणि ती त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवायची, असे हे काम आहे. एरवी महिन्याला शंभर-सव्वाशे बिले असतात; चतुर्थीचा माल भरण्याच्या दिवसांत ती दीडशेच्या पुढे जातात. पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून बनणारे जीएसटीआर-२बी हे जीएसटीचे विवरण दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि जीएसटीआर-३बी हे दुकानाचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे असते, त्यामुळे बिले ताडून पाहायला हाती जेमतेम सहा दिवस उरतात.

पोर्टलवर शिरताना नाव, पासवर्ड आणि कॅप्चा द्यावा लागतो, आणि त्यानंतर येणारा ओटीपी शेठच्या मोबाइलवर येतो. यात गैर काहीच नाही. ते दुकानाच्या व्यवहारांचे कुलूप आहे आणि ते माणसानेच उघडावे, असे माझे ठाम मत आहे. अडचण होती ती ते पुन्हा पुन्हा उघडण्याची. हे काम आपोआप व्हावे म्हणून मी पूर्वी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, स्वतःचा नवा, कोरा ब्राउझर उघडत असे. बासष्टाव्या बिलावर ती कुठे अडखळली की तो ब्राउझर बंद होई, त्याच्याबरोबर लॉगिनही जाई आणि पुन्हा शेठना फोन करावा लागे. शुक्रवारच्या बाजारात, दुकानासमोर गिऱ्हाइकांची रांग असताना, तिसऱ्यांदा ओटीपी मागणे मला स्वतःलाच प्रशस्त वाटत नसे.

म्हणून मी पद्धत बदलली. दुकानात हिशेब पाहणाऱ्या ताई नेहमीसारखा ब्राउझर उघडतात, लॉगिन करतात, बिलांच्या यादीपर्यंत जातात, आणि मग स्क्रिप्ट त्या उघड्या ब्राउझरलाच येऊन जोडली जाते. या एका कामासाठी सेलेनियम, पपेटिअर आणि प्लेराइट ही प्रोग्रामकरवी ब्राउझर चालवणारी तिन्ही साधने मी दुकानाच्या विंडोज लॅपटॉपवर प्रत्येकी महिनाभर वापरली. ती सर्व विनामूल्य आणि मुक्त स्रोताची आहेत, त्यामुळे किमतीचा प्रश्न येत नाही. साधन ब्राउझरला किती चटकन जोडले जाते, यापेक्षा जोडलेले असताना ते माणसाच्या खिडकीत किती ढवळाढवळ करते आणि काम संपल्यावर ती खिडकी कोणत्या स्थितीत सोडून जाते, हे मी पाहिले. चालत्या ब्राउझरमध्ये शिरणारे साधन हे दुसऱ्याच्या घरात कामाला आलेल्या माणसासारखे असते. त्याची पारख निघून जाताना होते.

साधनांकडे वळण्यापूर्वी क्रोमच्या बाजूची तयारी सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात आणि दोष साधनाला देतात. तिन्ही साधने अखेर एकाच दाराने आत येतात. त्या दाराचे नाव क्रोम डेव्हटूल्स प्रोटोकॉल, म्हणजेच सीडीपी; बाहेरच्या प्रोग्रामने क्रोमला सूचना देण्याची ही ठरलेली पद्धत. क्रोम सुरू करताना त्याला ‘रिमोट डिबगिंग पोर्ट’ हा पर्याय दिला, आणि बहुतेक जण देतात तसा ९२२२ हा क्रमांक दिला, तर क्रोम त्या पोर्टवर, म्हणजे संगणकातल्या त्या क्रमांकाच्या प्रवेशजागी, ऐकत राहतो आणि साधन वेबसॉकेट या सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीद्वारे त्याच्याशी बोलू लागते. मात्र क्रोम आधीपासून चालू असेल आणि त्याच प्रोफाइलने (बुकमार्क, लॉगिन वगैरेंच्या त्याच साठ्याने) आपण तो पुन्हा या पर्यायासह उघडू लागलो, तर नवा क्रोम सुरू होतच नाही. आधीच्याच क्रोममध्ये एक खिडकी वाढते आणि पर्याय मुकाट्याने दुर्लक्षित राहतो. कसलीही सूचना दिसत नाही. विंडोजवर तर सगळ्या खिडक्या मिटल्या तरी क्रोम पार्श्वभूमीत चालू राहू शकतो, त्यामुळे ‘मी तर क्रोम बंद केला होता’ असे म्हणणारा माणूस खरेच बोलत असतो आणि तरीही जोडणी होत नाही. टास्क मॅनेजर उघडून तिथून क्रोम बंद करणे हाच त्यावरचा इलाज.

पोर्ट खरोखर उघडले आहे की नाही, हे तपासायला स्क्रिप्टची गरज नाही. त्याच ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत १२७.०.०.१ (हा संगणकाचा स्वतःसाठीचा पत्ता), मग विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, ९२२२, आणि पुढे तिरक्या रेघांनी जेसन आणि व्हर्जन हे दोन शब्द लिहिले की चार-सहा ओळींचा मजकूर दिसतो : ब्राउझरची आवृत्ती, प्रोटोकॉलची आवृत्ती १.३, आणि शेवटी वेबसॉकेटचा लांबलचक पत्ता. ही शेवटची ओळ दिसली की दार उघडे आहे असे समजावे. ती दिसत नसेल तर स्क्रिप्टमध्ये कितीही दुरुस्त्या करून उपयोग नाही. ताईंनाही मी हे पान बुकमार्क करून दिले आहे, आणि बिघाड कुठे आहे हे आता त्या मला फोनवरच सांगतात. मी डिचोलीहून येतो. एवढ्या एका पानाने माझ्या कितीतरी फेऱ्या वाचल्या.

दुसरी अट २०२५ पासूनची आहे. क्रोमच्या १३६ व्या आवृत्तीपासून नेहमीच्या, मूळ प्रोफाइलसाठी हे पोर्ट उघडतच नाही. त्यासाठी ‘यूजर डेटा डिर’ या पर्यायाने वेगळे फोल्डर द्यावे लागते. जुने लेख वाचून प्रयत्न करणाऱ्यांची मोठी निराशा होते ती यामुळेच. या बदलाचे कारण मात्र मला पूर्णपणे पटते. क्रोमने २०२४ मध्ये १२७ व्या आवृत्तीत विंडोजवरील कुकीजना, म्हणजे लॉगिनची ओळख जपणाऱ्या नोंदींना, अधिक पक्के कूटबंधन (एन्क्रिप्शन) दिले. तेव्हा कुकीज चोरणारे प्रोग्राम या डिबगिंगच्या दाराने आत शिरू लागले, आणि म्हणून मूळ प्रोफाइलचे ते दार बंद करण्यात आले. वेगळ्या फोल्डरमध्ये आपले जुने बुकमार्क, साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन यांतले काहीही येत नाही. पहिल्या दिवशी सर्व नव्याने करावे लागते. पण पुढे त्या फोल्डरमधल्या गोष्टी तिथेच राहतात, आणि दुकानाच्या दृष्टीने ही वेगळी चूल सोयीचीच ठरली. डेस्कटॉपवर ‘बिले’ नावाचा एक शॉर्टकट आहे, त्यात हे दोन्ही पर्याय लिहून ठेवले आहेत, आणि त्याने उघडणाऱ्या ब्राउझरला मी हिरवी रंगसंगती दिली आहे. हिरवी खिडकी म्हणजे कामाची, पांढरी म्हणजे आपली, एवढे ताईंना एकदा सांगितले आणि पुन्हा सांगावे लागले नाही.

आता साधने. सेलेनियम हे तिघांत सर्वांत जुने; २००४ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीत त्याचा जन्म झाला आणि त्याच्याच वाटेने पुढे ब्राउझर बाहेरून चालवण्याचे वेबड्रायव्हर हे मानक आकाराला आले, ज्याला २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करणाऱ्याला ते ओळखीचे असते. चालू क्रोमला जोडायला त्यात ‘डिबगर ॲड्रेस’ या पर्यायात पत्ता आणि पोर्ट लिहिले की पुरते. पूर्वी क्रोमड्रायव्हर हा मधला प्रोग्राम क्रोमच्या आवृत्तीशी जुळवून ठेवण्याची कटकट असे. क्रोम स्वतःहून अद्ययावत झाला की दुसऱ्या दिवशी काम बंद. ४.६ व्या आवृत्तीपासून सेलेनियम मॅनेजर तो ड्रायव्हर स्वतःच आणतो, आणि ही खरोखर मोठी सोय आहे. तरीही दोन गोष्टी मला खटकल्या. जोडणी झाल्यावर सेलेनियम ज्या टॅबवर असतो, तो डोळ्यांसमोरचाच टॅब असेल याची खात्री देता येत नाही. सर्व टॅबांतून फिरून, प्रत्येकाचे शीर्षक किंवा पत्ता पाहून, हवा तो शोधावा लागतो. दुसरे म्हणजे पानावरचा घटक तयार होईपर्यंत थांबण्याचे सगळे नियोजन आपल्यालाच लिहावे लागते. आमच्या पोर्टलवर बिलाचे बटण आधी दिसते आणि मग क्षणभराने चालू होते. त्या क्षणासाठी मी लिहिलेल्या ओळी मूळ कामाच्या ओळींपेक्षा जास्त झाल्या. ज्यांच्याकडे सेलेनियममध्ये लिहिलेले जुने काम आहे, त्यांनी केवळ या जोडणीसाठी ते टाकून देण्याचे कारण नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र मी हे सुचवणार नाही.

पपेटिअर हे गूगलच्या क्रोम चमूने २०१७ मध्ये आणले. ते जावास्क्रिप्टमध्ये, ती भाषा ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या नोडवर चालते आणि थेट सीडीपीतच बोलते. मध्ये ड्रायव्हर नाही. जोडणी सर्वांत चपळ याचीच. पण त्याच्या दोन सवयी माहीत नसतील तर पंचाईत होते. पहिली अशी की वेगळे सांगितले नाही तर ते पानाचे क्षेत्र ८०० बाय ६०० धरते, आणि हे चालू ब्राउझरला जोडतानाही लागू होते. ताई पाहत असलेले पान अचानक आकसून खिडकीच्या कोपऱ्यात गेले, तेव्हा लॅपटॉप बिघडला असे त्यांना वाटले. जोडताना ‘डिफॉल्ट व्ह्यूपोर्ट’ला ‘नल’ (म्हणजे काहीच नाही) हे मूल्य दिले की पान जसेच्या तसे राहते. दुसरी सवय अधिक गंभीर आहे. पपेटिअरमध्ये ‘क्लोज’ म्हणजे ब्राउझर बंद करणे, मग तो आपण उघडलेला असो वा नसो. नुसते दूर व्हायचे असेल तर ‘डिस्कनेक्ट’ म्हणावे लागते. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे, पण मी जुन्या स्क्रिप्टमधली शेवटची ओळ तशीच उचलून आणली होती. बिले नीट उतरली, शेवटच्या ओळीने हिरवी खिडकी मिटली, आणि दुसऱ्या टॅबमध्ये ताईंनी अर्धवट भरलेला मालपरतीचा फॉर्म तिच्याबरोबर गेला.

“दादा, माझा फॉर्म खंय गेलो?” असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. चूक माझी होती, आणि तो फॉर्म मी त्यांच्याशेजारी बसून पुन्हा भरून दिला. पण त्या दिवसापासून साधनाची शेवटची आज्ञा काय करते, हे मी सर्वांत आधी वाचतो.

पपेटिअर वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण तिच्यावर माझी एक संध्याकाळ गेली. नोडच्या १७ व्या आवृत्तीपासून ‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हाच संगणक’, या नावाचा अर्थ पुष्कळदा आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता असा लावला जातो, तर क्रोमचे पोर्ट १२७.०.०.१ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यावर ऐकत असते. परिणामी ब्राउझरमध्ये तपासले तर पोर्ट उघडे दिसते आणि स्क्रिप्ट मात्र जोडणी नाकारली गेल्याचे सांगते. नावाऐवजी अंकांचा पत्ता लिहावा, म्हणजे हा घोळ होत नाही.

प्लेराइट मायक्रोसॉफ्टचे. पपेटिअरवर काम केलेल्या काही मंडळींनीच तिथे जाऊन ते उभारले आणि २०२० मध्ये ते लोकांसमोर आले. पायथन, जावास्क्रिप्ट, जावा आणि डॉटनेट यांत ते लिहिता येते. मी पायथन घेतले. चालू ब्राउझरला जोडण्याच्या आज्ञेचे नाव ‘कनेक्ट ओव्हर सीडीपी’. या वापरासाठी प्लेराइटचे स्वतःचे ब्राउझर उतरवून घेण्याची गरज नसते, नुसते पायथनचे पॅकेज बसवले तरी भागते. दुकानाच्या लॅपटॉपवर जागेची टंचाई होती, तिथे हे उपयोगी पडले.

प्लेराइटच्या मांडणीत ब्राउझर, त्याच्या आत कॉन्टेक्स्ट (स्वतःच्या कुकीज असलेली वेगळी खोली) आणि कॉन्टेक्स्टच्या आत पाने अशी रचना आहे. माणसाने केलेले लॉगिन हे पहिल्या, आधीपासून असलेल्या कॉन्टेक्स्टमध्ये असते. सवयीने आपण नवा कॉन्टेक्स्ट मागितला, किंवा ब्राउझरकडूनच थेट नवे पान मागितले, तर ते खासगी खिडकीसारखे वेगळे उघडते. तिथे कुकीज नसतात, आणि पोर्टल पुन्हा लॉगिनचे पान दाखवते. जोडणी निष्फळ ठरली असे मानून अनेक जण इथेच सोडून देत असतील. वास्तविक जोडणी झालेली असते, आपण चुकीच्या खोलीत उभे असतो. पहिला कॉन्टेक्स्ट घ्यावा, त्यातील पानांच्या यादीतून ज्याच्या पत्त्यात आपले पोर्टल आहे ते पान निवडावे, आणि तिथूनच काम सुरू करावे. हे तीन ओळींत होते.

त्यापुढे मात्र प्लेराइटची खरी गुणवत्ता दिसते. बटणावर क्लिक करण्यापूर्वी ते दिसते आहे का, स्थिर आहे का, चालू आहे का, हे साधन स्वतःच पाहते आणि तोवर थांबते. सेलेनियममध्ये मी ज्या क्षणासाठी ओळीमागून ओळी लिहिल्या, त्यासाठी इथे एकही लिहावी लागली नाही. फाइल उतरवण्याच्या बाबतीत एक शिस्त पाळावी लागते. क्लिक करण्याआधी ‘मी डाउनलोडची वाट पाहतो आहे’ असे सांगायचे आणि आलेली फाइल आपण दिलेल्या नावाने लगेच साठवायची. तसे केले नाही तर ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये अक्षर-अंकांच्या अगम्य नावाने पडते आणि पुढे पुसली जाते. आमच्या कामात प्रत्येक पीडीएफला बिलाचे नाव द्यायचेच होते, त्यामुळे ही शिस्त जाचक वाटली नाही. क्रोमच्या सेटिंगमध्ये पीडीएफ उघडून दाखवण्याऐवजी उतरवावी, असा पर्याय असतो. तो हिरव्या खिडकीत एकदाच निवडून ठेवला, म्हणजे बिल नव्या टॅबमध्ये उघडून बसण्याचा त्रासही संपतो.

खिडकीचा आकार प्लेराइट बदलत नाही. आणि अशा जोडलेल्या ब्राउझरवर ‘क्लोज’ म्हटले तर ते स्वतः उघडलेले कॉन्टेक्स्ट आवरते आणि जोडणी तोडते. माणसाची पाने जिथल्या तिथे राहतात. माझ्या दृष्टीने या तुलनेचा निकाल इथेच लागला.

प्लेराइटचा उणेपणाही सांगितला पाहिजे. सीडीपीवरून केलेली ही जोडणी प्लेराइटच्या स्वतःच्या प्रोटोकॉलच्या जोडणीपेक्षा बरीच उणी आहे, असे त्याचे निर्माते दस्तऐवजातच लिहितात, आणि ही वाट केवळ क्रोम, एज यांसारख्या क्रोमियम या मुक्त स्रोताच्या गाभ्यावर आधारलेल्या ब्राउझरसाठी आहे. प्लेराइट एरवी फायरफॉक्स आणि सफारीमागचे वेबकिटही चालवते, म्हणून तिथेही असेच जोडता येईल असे कोणी गृहीत धरू नये.

या पद्धतीचा मला सर्वांत मोठा लाभ झाला तो स्क्रिप्ट दुरुस्त करताना. सत्त्याऐंशीव्या बिलाला तारीख वेगळ्या रीतीने छापलेली होती आणि स्क्रिप्ट तिथे थांबली. मी ती ओळ बदलली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली, आणि ती त्याच पानावर, त्याच लॉगिनमध्ये, सत्त्याऐंशीपासून पुढे निघाली. पावसाळ्यात वीज गेली आणि राउटर बंद पडला, तेव्हाही लॅपटॉपच्या बॅटरीवर ब्राउझर तसाच उभा होता. वीज लगेच परत आली आणि पोर्टलनेही लॉगिन कायम ठेवले होते. त्या महिन्यात शेठना फोन एकदाच गेला.

आता सुरक्षिततेविषयी, आणि हा भाग वाचल्याशिवाय कोणीही ते पोर्ट उघडू नये अशी माझी विनंती आहे. ९२२२ च्या दाराला पासवर्ड नसतो. त्या संगणकावर चालणारा कोणताही प्रोग्राम तिथे येऊन उघडी पाने वाचू शकतो, कुकीज घेऊ शकतो, आणि कुकीज हाती लागल्या की पासवर्ड किंवा ओटीपीशिवाय तुमच्या नावाने वावरू शकतो. क्रोम हे पोर्ट आपल्या संगणकापुरतेच ठेवतो. ते दुकानाच्या वाय-फायवर दुसऱ्या संगणकाला खुले करून देण्याचे मार्ग आहेत, पण त्यांच्या वाटेला जाऊ नये. हिरव्या खिडकीत बँकेचे व्यवहार करायचे नाहीत, स्वतःची ईमेल उघडायची नाही आणि काम झाले की ती खिडकी मिटायची, हे आमच्याकडे लिहून लावलेले आहे. पोर्टलवरील खाते दुकानाचे आहे, बिले दुकानाची आहेत आणि कॅप्चा माणूसच भरतो. स्क्रिप्टने असे काम करण्यास हरकत नसल्याचे आम्ही पुरवठादाराकडून आधी विचारून घेतले होते. दुसऱ्याच्या खात्यावर किंवा नियमांत मनाई असलेल्या ठिकाणी ही जोडणी वापरणे मला मान्य नाही.

क्रोमच्या १४४ व्या आवृत्तीपासून चालू असलेल्या, नेहमीच्याच ब्राउझरला परवानगी देऊन जोडून घेण्याची नवी सोय आली आहे. ब्राउझरच्या ‘इन्स्पेक्ट’ पानावर रिमोट डिबगिंग सुरू करायचे, आणि साधन जोडू पाहते तेव्हा क्रोम माणसाला विचारतो. माणसाला विचारणे हीच त्यातली मोलाची सुधारणा आहे. एआय सहायकांना ब्राउझर चालवू देणाऱ्या क्रोम डेव्हटूल्स एमसीपी या साधनाला ती वापरता येते. आमच्या कामाला वेगळी हिरवी खिडकीच अधिक सुरक्षित असल्याने मी तिकडे वळलेलो नाही.

सध्या दुकानात प्लेराइटच चालू आहे. १४ तारखेला दुपारी ताई ‘बिले’ या शॉर्टकटवर क्लिक करतात, लॉगिन करतात, शेठकडून ओटीपी घेतात आणि स्क्रिप्ट सुरू करून दुसऱ्या कामाला लागतात. ती संपते तेव्हा हिरव्या खिडकीत शेवटचे बिल उघडेच असते, आणि त्याच्याशेजारच्या टॅबमध्ये त्यांचा मालपरतीचा फॉर्म, जिथे हात थांबला होता त्याच रकान्यात.